पहिली हिजरत

जुन्या मराठी कागदपत्रांच्या माथ्यावर ‘इहिदे’, ‘इसन्ने’, ‘सलास’ असे जे अरबी संख्यावाचक शब्द आढळतात, ते वाचण्याचा ज्यांना सराव आहे त्यांना हिजरी सनाची निराळी ओळख करून देण्याचे कारण नाही. आपल्याकडील सुहूर सन म्हणजे त्या सनावरूनच पुढे सौर मानाने चालविलेली गणना होय. इ.स. ६२२ मध्ये महंमद पैगंबर मक्का सोडून मदिनेस गेले आणि त्या प्रस्थानापासून हिजरी सन मोजला जाऊ लागला, हे शाळेतील इतिहासातही आपण वाचलेले असते. परंतु त्या प्रस्थानाच्या सात वर्षे आधी आणखी एक प्रस्थान घडले होते. ते उत्तरेकडे नव्हते, तर पश्चिमेस, तांबड्या समुद्रापलीकडे होते. आणि आश्रय देणारा राजा ना अरब होता ना मुसलमान. तो होता हबशाण देशाचा ख्रिस्ती राजा. ह्या पहिल्या हिजरतीपासून कोणताही सन सुरू झाला नाही, म्हणूनच की काय, तिच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

ह्या हकीकतीचा मुख्य भाग आपणांस एका स्त्रीच्या तोंडून कळतो, ही गोष्ट आरंभीच सांगितली पाहिजे. तिचे नाव हिंद. पण इतिहासात ती उम्म सलमा ह्या नावानेच ओळखली जाते. पती अबू सलमा ह्यांच्याबरोबर ती हबशाणात गेली, तेथे राहिली, परत आली, विधवा झाली, पुढे पैगंबरांच्या पत्नींपैकी एक झाली आणि दीर्घायुषी ठरली. तिने सांगितलेली आठवण तोंडोतोंडी चालत इब्न इस्हाक ह्या चरित्रकारापर्यंत पोहोचली. इब्न इस्हाक वारला तो इ.स. ७६७ च्या सुमारास, आणि त्याचा ग्रंथ आज आपल्या हाती आहे तो मुख्यतः इब्न हिशामने केलेल्या संस्करणाच्या रूपाने. म्हणजे घटना आणि तिचे लेखन ह्यांत शंभराहून अधिक वर्षांचे अंतर आहे. त्यामुळे दरबारातील भाषणे शब्दशः तशीच झाली असे कोणी मानू नये. तथापि स्त्रीच्या आठवणीत जी एक घरगुती सत्यता असते, ती ह्या हकीकतीत जागोजाग दिसते. आणि चमत्काराचा तीत मागमूसही नाही.

मक्का हे त्या काळी कुरेश टोळीचे व्यापारी नगर होते. हिवाळ्यात दक्षिणेस येमेनकडे आणि उन्हाळ्यात उत्तरेस शामकडे त्यांचे तांडे जात. काबागृहाभोवती टोळ्याटोळ्यांची दैवते होती, यात्रा भरत होती, आणि यात्रेच्या आधाराने बाजार चालत होता. इ.स. ६१० मध्ये पैगंबरांना साक्षात्कार झाला आणि पुढे दोन-तीन वर्षांनी त्यांनी उघड उपदेशास आरंभ केला, तेव्हा एकेश्वरवादाचा धक्का केवळ मूर्तींना बसणार नव्हता; त्या मूर्तींभोवती उभ्या असलेल्या साऱ्या व्यवहाराला तो बसणार होता. कुरेश सरदार चतुर होते. त्यांनी हे लवकर ओळखले.

मक्केत राजा नव्हता, कोतवाल नव्हता, न्यायसभाही नव्हती. माणसाच्या जिवाची हमी म्हणजे त्याचे कुळ. कुळातील एकाला कोणी मारले तर साऱ्या कुळाने सूड घ्यावयाचा, ह्या भीतीवरच तेथील शांतता टिकून होती. पैगंबरांना चुलते अबू तालिब ह्यांचे संरक्षण होते. अबू तालिब स्वतः नव्या धर्मात आले नाहीत, तरी पुतण्याला त्यांनी अंतर दिले नाही. ज्यांच्यामागे असे कुळ नव्हते त्यांचे हाल कुत्रा खात नव्हता. यासिर, त्यांची पत्नी सुमय्या आणि मुलगा अम्मार ह्या गरीब कुटुंबास उन्हात टाकून छळण्यात आले. सुमय्येला अबू जहलने ठार केले. इस्लामच्या इतिहासातील पहिले हौतात्म्य एका वृद्ध दासीचे आहे. बिलाल हा तर गुलामच. त्याचा मालक त्याला तापलेल्या वाळूवर उताणा पाडून छातीवर मोठा धोंडा ठेवीत असे. शेवटी अबू बक्र ह्यांनी त्याला विकत घेऊन मुक्त केले.

हा बिलाल हबशी होता. दक्षिण हिंदुस्थानात राहणाऱ्या आपणा मराठी माणसांच्या कानाला हा शब्द नवा नाही. निजामशाहीचा कर्ता पुरुष मलिक अंबर हबशीच होता, जंजिऱ्याचे सिद्दी हबशीच होते, आणि हैदराबादेत तर ‘हबशीगुडा’ नावाची वस्तीच आहे. आपल्या इतिहासात हबशी येतो तो बहुधा विकला गेलेला गुलाम म्हणून. मग तो पराक्रमाने सरदार होवो की किल्लेदार होवो. पण ज्या देशातून ही माणसे अशी विकून आणली गेली, त्याच देशाच्या दाराशी एके काळी अरब लोक आश्रय मागत गेले होते, ही गोष्ट हबशीगुड्यावरून जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, कोण जाणे.

हबशाण म्हणजे त्या काळचे अक्सूमचे राज्य. आजचा उत्तर इथिओपिया आणि एरिट्रिया मिळून त्याचा मुख्य भाग होतो. अडुलिस हे त्याचे बंदर होते. अक्सूमच्या राजांनी सोन्याची नाणी पाडली होती, आणि चौथ्या शतकात एझाना राजाने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यापासून त्या नाण्यांवर क्रूस आला होता. राजधानीत उभे केलेले एकसंध दगडी स्तंभ अजून आहेत. त्यांपैकी एक इटालियनांनी १९३७ मध्ये रोमला नेला होता, तो २००५ मध्ये परत आला.

धर्मच्छळापासून माणसांना वाचविण्याशी ह्या राज्याचा संबंध जुना होता. इ.स. ५२३ मध्ये येमेनचा यहुदी धर्मीय राजा धू नुवास ह्याने नजरान येथील ख्रिस्ती लोकांची कत्तल केली, तेव्हा अक्सूमचा राजा कालेब सैन्य घेऊन समुद्र ओलांडून गेला आणि सुमारे इ.स. ५२५ मध्ये त्याने येमेन जिंकला. पुढे त्याच सैन्यातील अब्रहा येमेनचा अधिपती झाला आणि हत्ती घेऊन मक्केवर चालून आला. परंपरेनुसार ते साल इ.स. ५७०, म्हणजे पैगंबरांच्या जन्माचे. अर्थात मक्केतील म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या आठवणीत हबशी म्हणजे नगरावर चालून आलेला शत्रू. पंचेचाळीस वर्षांनी त्याच मक्केतील माणसे त्याच लोकांकडे जीव वाचवावयास निघाली. जेथे कोणावर अन्याय होत नाही असा राजा त्या देशात आहे, अशा अर्थाचे पैगंबरांचे उद्गार परंपरेने जपले आहेत. व्यापारी नगरात अशा बातम्या तांड्यांबरोबर येतात. आणि पैगंबर स्वतः व्यापारी होते.

इ.स. ६१५ मध्ये रजब महिन्यात पहिली तुकडी निघाली. अकरा पुरुष आणि चार स्त्रिया. त्यांत पैगंबरांची मुलगी रुकय्या व तिचे पती उस्मान इब्न अफ्फान होते, जे पुढे तिसरे खलीफा झाले. ही मंडळी गुपचूप, काही पायी तर काही स्वार होऊन, शुऐबा बंदरास पोहोचली. दोन व्यापारी जहाजे नेमकी सुटण्याच्या बेतात होती. माणशी अर्धा दीनार उतारू ठरला. कुरेशांनी पाठलागासाठी माणसे धाडली, पण ती किनाऱ्यावर आली तेव्हा जहाजे पाण्यात गेली होती.

निघण्याच्या तयारीचे एक चित्र लैला नावाच्या स्त्रीने सांगून ठेवले आहे. तिचे पती आमिर बाहेर काही कामास गेले होते, ती सामान बांधीत होती, इतक्यात उमर तेथे येऊन उभे राहिले. त्या वेळी उमर ह्या नव्या धर्माचे कट्टर वैरी होते. निघालात वाटते, असे त्यांनी विचारले. तुम्ही आम्हांला छळलेत म्हणून देवाच्या भूमीत कोठेतरी जात आहोत, असे तिने सांगितले. त्यावर ईश्वर तुमच्यासोबत असो, असे म्हणून ते गेले. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख दिसले. आमिर परतल्यावर तिने हे सांगितले, तेव्हा ते हसून म्हणाले की, उमरच्या बापाचे गाढव मुसलमान होईल तेव्हाच हा होईल! पुढे उमर इस्लाममध्ये आले आणि दुसरे खलीफा झाले. लैलाने ही आठवण सांगताना तिला हसू आले असेल काय?

कोण गेले आणि कोण गेले नाही, हे पाहू लागले म्हणजे एक कोडे उभे राहते. सर्वांत अधिक छळ ज्यांचा झाला ते बिलाल गेल्याचे दिसत नाही. गेलेल्यांत बहुतेक चांगल्या घरची माणसे आहेत. अबू हुजैफा हे कुरेश सरदार उत्बाचे पुत्र. त्यांची पत्नी सहला ही सुहैल इब्न अम्र ह्या सरदाराची मुलगी. मुसअब इब्न उमैर हा श्रीमंत घरात लाडाकोडात वाढलेला तरुण, त्याला घरच्यांनीच कोंडून ठेवले होते. मॉन्टगोमेरी वॉट ह्या विद्वानाने १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात ह्याची चर्चा करून व्यापाराचा हेतू, अनुयायांतील मतभेद इत्यादी शक्यता मांडल्या आहेत. त्या अगदीच निराधार नव्हेत. तथापि मला असे वाटते की, कोड्याचे उत्तर मक्केच्या कुळव्यवस्थेतच आहे. गुलामाला जहाजाचा उतारू कोठून मिळणार, आणि मालक त्याला जाऊ कसा देणार? उलट चांगल्या घरच्या माणसाला बाहेरचा कोणी हात लावीत नसे, परंतु बाप, चुलता, थोरला भाऊ हे त्याला घरात कोंडू शकत होते. आणि त्यांच्यावर सूड घेणारे कोणी नव्हते. ज्या भिंतीने संरक्षण द्यावयाचे तीच तुरुंगाची भिंत झाली, तर मनुष्याला देशच सोडावा लागतो. स्वतः अबू बक्र हेदेखील हबशाणाकडे निघाले होते. वाटेत एका मित्र टोळीच्या प्रमुखाने आपले अभय देऊन त्यांना परत आणले.

दोन-तीन महिन्यांत हबशाणात बातमी आली की, कुरेश वळले, मक्केत आता भय नाही. काही मंडळी परतली. मक्केच्या वेशीशी आल्यावर कळले की बातमी खोटी. आत जावयाचे तर कोणा ना कोणाचे अभय घेऊनच. उस्मान इब्न मजऊन ह्यांना वलीद नावाच्या सरदाराने अभय दिले. परंतु आपले सोबती मार खात असता आपण एका मूर्तिपूजकाच्या छायेत सुखाने हिंडावे हे त्यांच्या मनाला लागले, आणि त्यांनी भर सभेत ते अभय परत केले. लगेच एका बैठकीत लबीद ह्या प्रसिद्ध कवीचे काव्यवाचन चालू असता त्यांनी त्याच्या एका चरणाला खोटे म्हटले. भांडण झाले, आणि कोणीतरी मारलेल्या ठोशाने त्यांचा डोळा काळानिळा झाला. माझ्या अभयात राहिला असतास तर हा डोळा वाचला असता, असे वलीद म्हणाला. तेव्हा, माझ्या दुसऱ्या डोळ्यालाही हेच भाग्य हवे आहे, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले.

ह्यानंतर मोठी तुकडी गेली. इब्न इस्हाकच्या यादीत मुलेबाळे सोडून त्र्याऐंशीच्या घरात पुरुष आहेत. त्यांचे पुढारी जाफर, अबू तालिब ह्यांचे पुत्र, म्हणजे पैगंबरांचे चुलतभाऊ. त्यांच्या पत्नी अस्मा बरोबर होत्या.

एवढी माणसे समुद्रापलीकडे जाऊन निर्भयपणे राहतात ही गोष्ट कुरेशांना सहन होण्यासारखी नव्हती. त्यांनी दोन वकील पाठविले, अम्र इब्नुल् आस आणि अब्दुल्ला इब्न अबी रबीआ. मक्केचे कमावलेले चामडे हबशाणात नावाजलेले होते. ते नजराण्यासाठी घेतले. राजाला अरब लोक नजाशी म्हणत. हे नाव नव्हे, पदवी होय. अम्र हा मुत्सद्दी मनुष्य. त्याने आधी राजाच्या एकेका सरदाराची भेट घेतली, नजराणा दिला आणि सांगून ठेवले की, आमची काही मूर्ख पोरे पळून आली आहेत, त्यांनी बापजाद्यांचा धर्म सोडला आणि तुमचाही घेतला नाही. राजाने त्यांच्याशी एक शब्दही न बोलता त्यांना आमच्या स्वाधीन करावे, असा सल्ला तुम्ही द्या. सरदारांनी तसा सल्ला दिला. राजाला संताप आला. इतर सर्वांना सोडून ज्यांनी माझ्या देशाची निवड केली, त्यांना विचारल्यावाचून मी कसे देऊ, असे तो म्हणाला. आश्रिताला बोलू द्यावयाचे की नाही, एवढ्यावर सारे येऊन ठेपले होते.

राजाने धर्मगुरूंना त्यांचे ग्रंथ घेऊन बसविले आणि आश्रितांना बोलावले. जाफर बोलले. आम्ही मूर्तिपूजक होतो, मेलेले खात होतो, बलवान दुबळ्याला गिळीत होता. मग आमच्यातलाच एक प्रेषित आला, त्याने खरे बोला, ठेव परत करा, नातेवाइकांना व शेजाऱ्याला जपा, अनाथाचे धन खाऊ नका, असे शिकविले. आम्ही ते मानले म्हणून आमच्या लोकांनी आमचा छळ केला, म्हणून तुमच्याकडे आलो. असा त्या भाषणाचा आशय. राजाने त्या प्रेषिताला मिळालेले काही म्हणून दाखवावयास सांगितले. जाफर ह्यांनी कुराणातील मरियम ह्या अध्यायाचा आरंभ म्हटला. राजाची दाढी अश्रूंनी भिजली, धर्मगुरूंचे ग्रंथ भिजले, असे उम्म सलमा सांगते. हे आणि येशूने आणले ते एकाच कोनाड्यातल्या दिव्याचे आहे, असे म्हणून राजाने वकिलांना जावयास सांगितले. कोनाड्यासाठी येथे ‘मिश्कात’ हा शब्द आहे, आणि भाषापंडितांच्या मते तो अरबीत आला तो हबशी भाषेतूनच.

प्रसंग येथेच संपला असता तर तो एखाद्या सुखान्त गोष्टीसारखा वाटला असता. पण अम्र हार मानणारा नव्हता. उद्या असे काही सांगतो की ह्यांचे मूळच उपटले जाईल, असे तो म्हणाला. त्याचा सोबती अब्दुल्ला त्याला म्हणाला की, असे करू नकोस; आपल्या विरुद्ध गेले तरी ते आपलेच आप्त आहेत. अम्रने ऐकले नाही. दुसऱ्या दिवशी त्याने राजाला सांगितले की, हे लोक मरियमपुत्र येशूविषयी भयंकर बोलतात.

ती रात्र त्या मंडळींनी कशी काढली असेल! तशी आपत्ती आमच्यावर कधी आली नव्हती, असे उम्म सलमाने म्हटले आहे. येशू हा ईश्वराचा पुत्र नव्हे असे सांगावयाचे, आणि तेही ख्रिस्ती राजासमोर, ख्रिस्ती धर्मगुरूंदेखत, ज्यांच्या शब्दावर आपली बायकामुले जगायची किंवा मक्केस परत जायची, त्यांच्या तोंडावर! थोडी संदिग्ध भाषा वापरणे शक्य होते. त्यांनी आपापसांत विचार केला आणि ठरविले की, काय व्हावयाचे ते होवो, जे आम्ही मानतो तेच सांगावयाचे. जाफर ह्यांनी सांगितले: येशू हा ईश्वराचा दास आणि प्रेषित, त्याचा आत्मा, आणि कुमारी मरियमेच्या ठायी त्याने घातलेला त्याचा शब्द. राजाने जमिनीवरून एक काटकी उचलली आणि म्हटले की, तू सांगितलेस त्यात आणि येशूत ह्या काटकीएवढेही अंतर नाही. भोवतालचे सरदार नाक फेंदारून फुरफुरले. तुम्ही फुरफुरलात तरीही, असे राजाने त्यांना सुनावले. नजराणे परत केले. सोन्याचा डोंगर दिला तरी ह्यांपैकी एकाला मी दुखावणार नाही, असे तो म्हणाला.

नजराणे परत करताना राजा असेही बोलला की, माझे राज्य मला परत देताना ईश्वराने लाच घेतली नाही, मग मी का घ्यावी? ह्या बोलण्यामागे एक कथा सांगतात. नजाशी लहान असता त्याच्या बापाला मारून चुलत्याला गादी दिली गेली, आणि पुढे भय वाटून त्या मुलाला सहाशे दिरहमांस एका व्यापाऱ्याला विकून टाकले. त्याच संध्याकाळी चुलता वीज पडून मेला, तेव्हा लोकांनी धावत जाऊन त्याला परत आणले. कथेला लोककथेचा वास आहे, हे उघड आहे. तरीपण स्वतः विकला गेलेला राजाच आश्रिताला विकणार नाही, अशी लोकमनाची समजूत तीत दिसते.

पुढे राजाविरुद्ध बंड झाले. नदीच्या पलीकडे लढाई होती. आपल्या आश्रयदात्याचे काय होते ह्याची धास्ती घेऊन बसलेल्या त्या मंडळींनी, लढाई पाहून कोण येतो, असे विचारले, तेव्हा त्यांतील वयाने लहान असा जुबैर तयार झाला. त्यांनी एक पखाल फुगवून त्याच्या छातीशी बांधली आणि तो पोहत पलीकडे गेला. राजाचा जय झाल्याचे पाहून तो आपले वस्त्र हलवीत परत आला. आम्ही त्या दिवशी आनंदलो तसे कधी आनंदलो नाही, असे उम्म सलमा म्हणते.

तेरा वर्षे हा प्रवास चालला. म्हणजे काही जणांसाठी. काही आधी परतले, काही तेथेच मरण पावले. उबैदुल्ला इब्न जहश ह्यांची गोष्ट विशेष चटका लावणारी आहे. इस्लामच्या आधीपासून खऱ्या धर्माच्या शोधात असलेल्या चौघांपैकी ते एक. धर्मासाठी घर सोडून हबशाणात आले आणि तेथे ख्रिस्ती झाले. कोणी त्यांना रोखले नाही, कोणी मारले नाही. तशाच स्थितीत ते वारले. त्यांची पत्नी उम्म हबीबा आपल्या धर्मावर राहिली. तिची अवस्था काय वर्णावी! पती धर्म सोडून गेला, नंतर मेला. बाप अबू सुफ्यान मक्केत मुसलमानांचा शत्रू म्हणून सैन्य उभे करीत होता. आणि ती लहान मुलीला घेऊन परदेशात. पुढे पैगंबरांनी मदिनेहून मागणी घातली, नजाशीने त्यांच्या वतीने विवाह लावून दिला आणि चारशे दीनार महर स्वतः भरली.

इ.स. ६२८ मध्ये नजाशीने दोन जहाजे दिली आणि जाफर व उरलेली मंडळी परतली. ती आली तेव्हा पैगंबर खैबरात होते. खैबर जिंकल्याचा आनंद मोठा की जाफर आल्याचा, हे मला सांगता येत नाही, असे ते म्हणाले. जाफर ह्यांना मात्र पुढे एकच वर्ष लाभले, इ.स. ६२९ मध्ये मूता येथील लढाईत ते पडले.

परतलेल्यांचे स्वागत सर्वांनीच मोकळ्या मनाने केले असे नाही. बद्र, उहुद, खंदक ह्या लढाया त्यांच्यावाचून झाल्या होत्या. एकदा उमर अस्मांना म्हणाले की, हिजरतीत आम्ही तुमच्या आधीचे, म्हणून पैगंबरांवर आमचा हक्क अधिक. अस्मांना राग आला. तुम्ही त्यांच्याजवळ होता, तुमच्या भुकेल्याला ते जेवू घालीत, अजाणत्याला शिकवीत. आम्ही परक्या, दूरच्या देशात होतो, तेही ईश्वराकरिताच. असे त्यांनी सुनावले आणि हे मी पैगंबरांना सांगितल्यावाचून जेवणार नाही, असे म्हणून त्या गेल्या. पैगंबरांनी निवाडा दिला की, उमर व त्यांच्या सोबत्यांची हिजरत एक, आणि तुम्हा जहाजवाल्यांच्या दोन. जहाजवाली मंडळी मग टोळीटोळीने अस्मांकडे येऊन तो निवाडा पुन्हा पुन्हा ऐकत.

इ.स. ६३० मध्ये नजाशी वारल्याची वार्ता मदिनेस कळली, तेव्हा पैगंबरांनी लोकांना रांगा करावयास सांगून, पुढ्यात पार्थिव नसताना, त्याच्यासाठी जनाज्याची नमाज पढली. नजाशी अंतर्यामी मुसलमान झाला होता, अशी मुसलमानी परंपरा आहे. हबशाणच्या ख्रिस्ती परंपरेला हे मान्य नाही, आणि त्या काळच्या अक्सूमी नाण्यांवरही क्रूसच आहे. तिग्राय प्रांतात नेगाश गावी त्याची आणि तेथे राहिलेल्या आश्रितांची म्हणून दाखविली जाणारी थडगी व मशीद आहे. २०२० मध्ये तिग्रायच्या युद्धात तोफमाऱ्याने तिची मोडतोड झाली.

हबशाणात जी मुले जन्मली त्यांत खालिद इब्न सईद ह्यांची मुलगी उम्म खालिद ही एक. मदिनेस आली तेव्हा लहान होती. पैगंबरांकडे कोठून तरी काळे नक्षीदार वस्त्र आले होते. हे कोणाला द्यावे, असे विचारून त्यांनी तिलाच बोलावले आणि आपल्या हातांनी तिच्या अंगावर घातले. मग त्यावरील वेलबुट्टीकडे बोट दाखवून ते तिला हबशी भाषेत ‘सनाह’ म्हणाले, म्हणजे सुंदर. अरबी बोलणाऱ्या त्या सभेत तो शब्द त्या मुलीला पुरता उमगला असणार. ती पुष्कळ वर्षे जगली, आणि हा प्रसंग तिने स्वतःच सांगितलेला आहे.